टॉवेल कारखान्यातली अडलेली अपडेटं : कामाच्या नोंदी

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस. विंडोज १० ची नऊ मशीन, सगळी आजपासून माझ्या गळ्यात. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची फुकटची सुरक्षा अपडेटं थांबणार आहेत, म्हणून काम निघालं. नवीन मशीन घ्या म्हणायची सोय नाही. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलंय, बांधलेल्या गठ्ठ्यांनी गोदाम भरलंय, त्यात कॉम्प्युटरचं कोटेशन कोण वाचणार?

ठरलं ते असं. ज्या दोन मशीनचा प्रोसेसर आठव्या किंवा पुढच्या पिढीचा आहे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे, ती विंडोज ११ वर जातील. बाकीची १० वरच राहतील, आणि त्यांच्यासाठी पैसे भरून मिळणाऱ्या वाढीव अपडेटचा विचार मालक करतील. संस्थांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर पडतात. पण ती अपडेटं बसायलाही मशीन २२एच२ या विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर हवं आणि अपडेटची यंत्रणा चालू हवी. इथे नेमकी तीच बंद आहे.

फिरून बघितलं. अकाउंटच्या मशीनवर एरर ०एक्स८००७०००५. डिस्पॅचच्या मशीनवर ०एक्स८००७०४२२, शिवाय वर लाल अक्षरात ‘काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते’. डिझाइनच्या मशीनवर अपडेटचं पान उघडतच नाही, नुसतं गोल गोल फिरतं. बाकीची थोडीफार याच वाणाची.

मालक म्हणाले, “फॉरमॅट मारून टाका की सगळे.” मारता आले असते. पण डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, जुन्या डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर, डॉबीच्या (मागावरच्या विणीच्या) डिझाइनचं लायसन, यातल्या निम्म्यांच्या सीडी आणि चाव्या आता कोणाकडे आहेत ते कोणालाच माहीत नाही. फॉरमॅट शेवटी.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जनाच्या सुट्टीनंतर ऑफिस आज उघडलं. आधी बॅकअप. टॅलीचा डेटा, डिझाइनच्या फाइली, सहीच्या टोकनचे सर्टिफिकेट, सगळं बाहेरच्या डिस्कवर. परवानग्यांना हात लावायच्या आधी त्या जशा आहेत तशा उतरवून ठेवायच्या. परवानग्या दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या आयकॅकल्स या कमांडला त्यासाठी ‘सेव्ह’चा पर्याय आहे, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सगळं येतं आणि ‘रिस्टोअर’ने परत बसवता येतं. हे न करता परमिशन बदलणाऱ्यांची मशीन पुढे माझ्यासारखीकडे येतात.

एररचे आकडे वाचायला शिकलं की निम्मा वेळ वाचतो. ८००७ म्हणजे विंडोजची मूळ चूक पुढे ढकललीय एवढंच, खरा निरोप शेवटच्या चार आकड्यांत. ०००५ म्हणजे प्रवेश नाकारला. ००२० म्हणजे फाइल दुसऱ्या कोणाच्या हातात आहे. ०४२२ म्हणजे सर्व्हिसच (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) बंद करून ठेवलीय. म्हणजे डिस्पॅचचं दुखणं आणि अकाउंटचं दुखणं वेगळं दिसतंय. बघू.

१० सप्टेंबर, बुधवार

अकाउंटचं मशीन दुपारी तासभर मिळालं. उद्या ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायची शेवटची, त्यामुळे अकाउंट सांभाळणारे काका खुर्चीमागे उभे राहून. “काय करलालाव मॅडम, टॅलीला काही होणार नाही ना?” टॅलीला काही होणार नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची काळी खिडकी उघडली आणि विंडोजच्या फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनवर आयकॅकल्स मारलं. अपडेट आधी इथे उतरतात. यादीत पहिलीच ओळ:

एव्हरीवन:(ओआय)(सीआय)(एन)

ओआय आणि सीआय म्हणजे आतल्या फाइलींना आणि फोल्डरांनाही लागू. एन म्हणजे काहीही करायचं नाही. खाली सिस्टिमला (विंडोजचं स्वतःचं खातं) पूर्ण हक्क, ॲडमिनिस्ट्रेटर्सला पूर्ण हक्क, सगळं शाबूत. पण विंडोज यादी वरून वाचतं, आणि त्याच फोल्डरवर थेट लिहिलेला नकार सगळ्यांत वर बसतो. एव्हरीवनमध्ये सिस्टिमही आली. म्हणून आपण खाली कितीही परवानग्या वाढवल्या तरी उपयोग शून्य. नकार काढायचा असतो, त्याच्यावर होकार चढवायचा नसतो. इथे कोणीतरी नेमकं तेच करून बघितलेलं दिसतं, कारण यादीत चार वेगवेगळ्या खात्यांना पूर्ण हक्क दिलेले आहेत.

आयकॅकल्सच्या ‘रिमूव्ह’ला डी जोडून एव्हरीवनची फक्त नकाराची ओळ काढली. मग विंडोज अपडेट आणि डाउनलोड करणारी बिट्स या दोन्ही सर्व्हिस थांबवून फोल्डरचं नाव बदललं, मागे ‘जुनं’ लावलं. सर्व्हिस चालू असताना नाव बदलायला गेलं तर विंडोज बदलू देत नाही, आतल्या फाइली सर्व्हिसच्या हातात असतात. नवीन फोल्डर विंडोज आपणहून बनवतं आणि त्याच्या परवानग्या वरच्या फोल्डरकडून येतात, त्या चार फालतू ओळीही आपोआप गेल्या. पानावरचा अपडेटचा इतिहास पुसला जातो, बसलेली अपडेटं मात्र जागेवर राहतात.

शोध सुरू झाला, डाउनलोड सुरू झालं. बसवायचं काम उद्यानंतर. काकांनी टॅली उघडून बघितली, मग पाणी प्यायले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अकाउंट पूर्ण. अपडेट बसलं.

डिस्पॅचला बसले. सर्व्हिसच्या यादीत विंडोज अपडेट ‘डिसेबल्ड’. मॅन्युअल करायला गेले तर ‘प्रवेश नाकारला’. म्हणजे ४२२ हा वरचा पापुद्रा, आत तोच ०००५ आहे. एससी कमांडला ‘एसडीशो’ लावून सर्व्हिसच्या परवानग्यांची यादी छापली. कंसांची लांबच लांब माळ येते, घाबरायचं नाही. कंसातलं पहिलं अक्षर ए असेल तर होकार, डी असेल तर नकार. शेवटची दोन अक्षरं म्हणजे माणूस: एसवाय सिस्टिम, बीए ॲडमिनिस्ट्रेटर्स, डब्ल्यूडी सगळे. इथे सगळे कंस ए चे. सर्व्हिस निर्दोष.

मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, सर्व्हिसची की, म्हणजे तिचा कप्पा. तिथे सापडलं: सिस्टिमला नकार, ॲडमिनिस्ट्रेटर्सलाही लिहायला नकार, आणि मालकी एका अशा खात्याकडे जे या मशीनवर आता अस्तित्वातच नाही, त्यामुळे नावाच्या जागी नुसता आकड्यांचा लांब नंबर. शिवाय सर्व्हिस ज्या खात्याने चालते तिथे लोकलसिस्टिमऐवजी गेस्ट. गेस्ट बंद खातं, म्हणजे सर्व्हिस चुकून कोणी चालू केलीच तरी लॉगऑनला पडणार. दोन कुलपं आणि वर साखळी. ज्याने केलं त्याला काम येत होतं, हे मान्य करायला हवं.

कारण डिस्पॅचवाल्या दादांनी सांगितलं. चारेक वर्षांपूर्वी अपडेट झालं आणि अकाउंटहून इथल्या शेअर केलेल्या प्रिंटरवर प्रिंट येईना. कंटेनर दारात आणि इन्व्हॉइस निघत नाही. त्या वेळी देखभालीला जो होता त्याने “पुन्हा होणार नाही” असा बंदोबस्त केला. २०२१ च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट असणार. प्रिंटिंगमधल्या भेगा बुजवण्याची ती अपडेटं होती आणि शेअर प्रिंटरला ०एक्स०००००११बी ही एरर येऊन ते जगभर अडले होते.

मालकी घेतली, नकार काढले, मालकी परत सिस्टिमला दिली. हे परत देणं लोक विसरतात. स्टार्ट ४ (बंद) चं ३ (मॅन्युअल) केलं, खातं लोकलसिस्टिम केलं, पॉलिसीतला ‘आपोआप अपडेट नको’ हा आकडा काढला. सर्व्हिस चालू. रात्रभर मशीन चालू ठेवून आले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

डिस्पॅचचं अपडेट उतरलं, रिस्टार्टनंतर बऱ्यापैकी पुढे गेलं आणि ‘बदल मागे घेत आहोत’. पुन्हा ०००५. यंत्रणा मोकळी झाली, पण बसवताना कुठल्यातरी एका दारावर अडतेय.

इथून पुढे अंदाजाने काही करण्यात अर्थ नाही. इंटरनेटवरच्या सल्ल्यांतला नव्वद टक्के माल या टप्प्यावर ‘सी ड्राइव्हची मालकी घ्या, सगळ्यांना पूर्ण हक्क द्या’ असाच असतो. तो कुठे नेतो ते डिझाइनच्या मशीनवर दिसणार आहे असा माझा वहीम आहे.

विंडोजच्या लॉग्ज फोल्डरात सीबीएस.लॉग नावाची फाइल असते. बसवण्याच्या कामाची पूर्ण रोजनिशी. ती हजारो ओळींची, म्हणून शेवटून वर यायचं आणि ‘ई-ॲक्सेसडिनाइड’ शोधायचं. तो शब्द अनेक ओळींत येतो, कारण एक पायरी पडली की वरची प्रत्येक पायरी तीच तक्रार पुढे देते. आपल्याला हवी असते त्यातली सगळ्यांत पहिली ओळ. तिच्या आसपास प्रिंटिंगच्या घटकाचं नाव दिसलं.

खात्री करायला प्रोसेस मॉनिटर लावला, कोणता प्रोग्रॅम कुठे हात घालतो ते दाखवणारा. फिल्टरमध्ये निकाल ‘ॲक्सेस डिनाइड’ आणि प्रोसेस टीआयवर्कर (अपडेट बसवणारा प्रोग्रॅम), एवढंच. निकालाचा फिल्टर एकटाच लावला तर निरोगी मशीनवरही ओळींचा पाऊस पडतो, कारण प्रोग्रॅम जास्त हक्क मागून बघतात, नाही मिळाले की कमी मागतात. त्यात काही बिघाड नसतो. दोन्ही फिल्टर लावून अपडेट पुन्हा सुरू केलं. रिस्टार्टच्या आधीच मोजक्या ओळी आल्या, आणि सगळ्यांचा पत्ता एकच: सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, प्रिंट.

की उघडली. एव्हरीवनला ‘किंमत लिहायला’ आणि ‘आत नवीन की बनवायला’ नकार, आतल्या सगळ्या कींना लागू. आणि आत तो सुप्रसिद्ध आकडा: आरपीसीऑथएनलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड, किंमत ०. म्हणजे गडी सर्व्हिस बंद करून थांबला नव्हता. ११बी वरचा इलाज म्हणून त्याने प्रिंटरची सुरक्षा उघडी ठेवणारा आकडा टाकला आणि कुठलंही अपडेट तो बदलू शकणार नाही म्हणून की वरच नकार ठोकला.

यावरून आणखी एक कोडं सुटलं. दादा कधीपासून सांगताहेत, नवीन लेबल प्रिंटर आणलाय पण मशीन तो घेतच नाही, प्रत्येक वेळी जोडताना एरर येते, शेवटी बॉक्समध्ये ठेवून दिला. प्रिंटर जोडायचा म्हणजे याच की च्या आत लिहावं लागतं. प्रिंटर बिचारा चांगला आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी नकार काढला. अपडेट बसलं, मागे फिरलं नाही.

मग तो ० काढून टाकला. अकाउंट आणि डिस्पॅच दोन्ही मशीन आता सारख्या अपडेटवर आहेत, त्यामुळे शेअर प्रिंटर कुरकुर न करता चालला. नवा लेबल प्रिंटर बॉक्समधून काढून लगेच जोडला. पहिलं लेबल निघालं ते तिरकं, ते माझ्या खात्यात नाही, रोल उलटा बसला होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

काम बंद. सीना नदीला पूर, मोहोळकडची माणसं आलेली नाहीत, लाइट येतेय-जातेय. अपडेट बसत असताना लाइट गेली तर परमिशन बरी म्हणायची वेळ येईल. यूपीएसच्या बॅटऱ्या तपासल्या, दोन मेलेल्या. कोटेशन दिलं.

काका वेगळ्याच घाईत. सोमवारपासून जीएसटीचे नवे दर लागू झालेत, टॅलीतले आयटम बदलताहेत.

२७ सप्टेंबर, शनिवार

टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर झाली. काकांचा चेहरा उजळला आणि मला अकाउंटमधली बाकीची दोन मशीन मिळाली. दोन्हीवर सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनवरचा तोच नकार. दहाव्या तारखेचाच इलाज. लिहिण्यासारखं काही नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

डिझाइनचं मशीन. वहीम खरा.

काळ्या खिडकीत वरचा बाण दाबून जुन्या कमांड दिसत नाहीत, त्यामुळे पुरावा दुसरीकडे शोधला. इव्हेंट लॉग उघडला तर तो मेमध्येच संपतो. त्यापुढे एकही नोंद नाही. इव्हेंट लॉगची सर्व्हिस चालूच होत नाही, एरर ५. ती सर्व्हिस लोकलसर्व्हिस या कमी अधिकाराच्या खात्याने चालते आणि लॉगच्या फोल्डरवर तिच्या नावाची खास ओळ असते, म्हणून तिला तिथे लिहिता येतं. ती ओळ गायब. क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसचंही तेच: ती नेटवर्कसर्व्हिस म्हणून चालते, आणि सह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅटरूट२ फोल्डरवर तिचं नाव नाही. सह्या तपासणारी सर्व्हिसच आंधळी झाल्यावर अपडेटचं पान गोल गोल फिरणारच.

डिझाइन करणाऱ्या पोराला विचारलं. मेमध्ये एक डिझाइनचा प्लगइन बसत नव्हता, व्हिडिओ बघून कमांड मारल्या. त्याने फोनमध्ये व्हिडिओ दाखवला. आधी टेकओन, म्हणजे मालकी घ्यायची कमांड, संपूर्ण विंडोज फोल्डरवर. मग आयकॅकल्स रिसेट, आतल्या सगळ्यासकट. शेवटी एव्हरीवनला पूर्ण हक्क, विंडोजच्या फक्त वरच्या फोल्डरवर आणि त्याच्या स्वतःच्या घरच्या फोल्डरांवर. प्लगइन बसला का? नाही बसला.

रिसेट या शब्दाने फसगत होते. त्याने परवानग्या कारखान्यातून आल्या तशा होत नाहीत. वरच्या फोल्डरकडून आलेल्या तेवढ्या ठेवून, त्या त्या फाइलीवर आणि फोल्डरवर खास लिहिलेल्या सगळ्या ओळी ते पुसून टाकतं. सिस्टिम३२ मध्ये अशा खास ओळी जागोजागी आहेत. शिवाय तिथल्या बहुतेक फाइली आणि विनएसएक्सएस या विंडोजच्या सुट्या भागांच्या गोदामातल्या फाइली या डिस्कवर एकच असतात, नावं दोन. म्हणून एकीची परवानगी बदलली की दुसरीचीही बदलली. ज्या साठ्यातून दुरुस्ती करायची तोच बाटला.

मालक येऊन बसले. त्यांचा प्रश्न रास्त होता: सगळ्यांना पूर्ण हक्क आहेत, मग अडतंय कुठे? मी म्हटलं, अण्णा, तो हक्क वरच्या फोल्डरपुरताच बसलाय, आतल्या खास ओळी मात्र गेल्या. गोदामाची सगळी कुलपं काढून टाकली म्हणून माल लवकर निघत नाही, उलट कोणत्या खोलीत काय होतं तेच कळेनासं होतं. व्हिस्टापासून विंडोजच्या मूळ फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या बसवण्याचं काम करणाऱ्या सर्व्हिसकडे असते. ॲडमिनिस्ट्रेटरलाही तिथे फक्त वाचायची मुभा, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. सगळ्यांना हक्क म्हणजे व्हायरसलाही हक्क.

एसएफसी आणि डिझम ही विंडोजच्या फाइली तपासणारी-दुरुस्त करणारी हत्यारं चालवून बघितली, नोंदीपुरती. एसएफसी म्हणालं काही बिघाड नाही. खरंच आहे, फाइलींचा मजकूर शाबूत आहे, हक्कांची घडी विस्कटलीय. सेकएडिट या कमांडने मूळ सुरक्षा-साचा लावायचा जुना उपायही आहे, पण त्याने आता सगळं मूळपदावर येत नाही हे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. हाताने एकेक ओळ लिहिणं तर वेडेपणा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला, खंडेनवमीला मशीनना हळदकुंकू लागलं, आज डिझाइनच्या मशीनचं ऑपरेशन.

विंडोज चालू असतानाच २२एच२ ची आयएसओ फाइल (विंडोजच्या सीडीची फाइलरूपी नक्कल) उघडून त्यातला सेटअप चालवला आणि ‘फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही ठेवा’ निवडलं. भाषा आणि आवृत्ती जुळली तरच हा पर्याय येतो, नाहीतर फक्त फाइली ठेवायचं विचारतं, तिथे थांबायचं. सेटअप जुनं विंडोज फोल्डर बाजूला सारून नवं पूर्ण मांडतो, म्हणून परवानग्याही मुळासारख्या येतात. जुनं फोल्डर दहा दिवस राहतं, तोवर परत फिरता येतं. डिस्कवर जागा नव्हती, आधी पोराचे सिनेमे हलवले. त्याने विरोध केला नाही.

दोनच्या सुमाराला लॉगइनचा पडदा आला. डॉबीचं सॉफ्टवेअर उघडलं, लायसन जागेवर. इव्हेंट लॉगमध्ये मेनंतरची पहिली नोंद पडली, आजची. अपडेटचं पान उघडलं.

त्याच्या घरच्या फोल्डरांवर एव्हरीवन अजून आहे, कारण सेटअप माणसाच्या फाइलींना हात लावत नाही. ते आयकॅकल्सने काढलं. तिथे आतल्या फोल्डरांवर रिसेट चालतं, कारण तिथे खास ओळी जवळपास नसतात; घराच्या मुख्य फोल्डरवर मात्र असतात, त्याला रिसेट नको.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कोजागिरीला निम्मी पाळी तुळजापूरला चालत गेलेली, ऑफिसात शुकशुकाट, मला हवा तसा. उरलेल्या मशीनसाठी एक छोटी बॅच फाइल लिहिली: सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन आणि कॅटरूट२ वरच्या परवानग्या छापायच्या, सर्व्हिसची कंसांची माळ छापायची, सर्व्हिस कोणत्या खात्याने चालते ते छापायचं. ती काहीही बदलत नाही, फक्त दाखवते. बदलणारी बॅच फाइल पेन ड्राइव्हवर बाळगणं मला पटत नाही, ती कधी ना कधी चुकीच्या मशीनवर चालते.

गेस्टचं खातं आणखी एका मशीनवर निघालं. विंडोज ११ ची दोन्ही मशीन आधी याच चाळणीतून काढून मग अपग्रेड केली, सुरळीत गेली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

विंडोज १० चं शेवटचं फुकट अपडेट काल रात्री साडेदहाला आलं. सकाळी दहापर्यंत सहा मशीनवर बसलं. कुठेही ०००५ नाही. सातवं मशीन शेडमधलं, मीटरची नोंद ठेवणारं, ते नेटवरून काढून टाकलंय. त्याला अपडेट नको आणि इंटरनेटही नको.

६१ डॉलरचा निर्णय मालकांनी दिवाळीनंतर ढकलला. बोनस आधी, हे समजण्यासारखं आहे. पुढचं अपडेट ११ नोव्हेंबरला येईल, तोवर ठरायला हवं.

सगळ्यांची खाती स्टँडर्ड केली, ॲडमिनिस्ट्रेटर वेगळं, पासवर्ड पाकिटात बंद करून मालकांच्या कपाटात. डिझाइनच्या पोराने मुकाट मान्य केलं. काकांनी नाही. सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर दर वेळी ॲडमिनचा पासवर्ड मागतं आणि २० तारखेच्या रिटर्नच्या वेळी ते कपाट उघडायला मालक जागेवर नसतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते सॉफ्टवेअर स्वतःच्याच प्रोग्रॅमच्या फोल्डरात लॉग लिहितंय असं प्रोसेस मॉनिटरमध्ये दिसतंय. त्या एका फोल्डरवर काकांच्या खात्याला बदलायचा हक्क देऊन शुक्रवारी तपासणार.